ससून रुग्णालयात उपचार घेताना: केसपेपरपासून डिस्चार्जपर्यंत

पुणे रेल्वे स्थानकाच्या शेजारचे ससून सर्वोपचार रुग्णालय हा पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांचा मोठा, आणि अनेकांच्या बाबतीत एकमेव, आधार आहे. सुमारे १,३०० खाटांचे हे रुग्णालय बैरामजी जीजीभॉय (बै. जी.) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असल्यामुळे येथे उपचार आणि अध्यापन ही दोन्ही कामे तीच माणसे, त्याच वॉर्डात आणि बहुतेक वेळा एकाच वेळी करीत असतात. पहिल्यांदा येणारा रुग्ण गोंधळतो, त्याचे मूळ बहुधा यातच असते. खासगी दवाखान्यात आपण एका डॉक्टरांचे रुग्ण असतो, तर येथे आपण एका ‘युनिट’चे, म्हणजे डॉक्टरांच्या एका गटाचे, रुग्ण असतो. ही एक गोष्ट नीट कळली की कोणत्या वारी यायचे, कोणाला विचारायचे आणि कोणता कागद जपायचा, हे आपोआप उलगडत जाते आणि निम्म्या फेऱ्या वाचतात. पुढील माहिती प्रामुख्याने ससूनला धरून लिहिली असली, तरी युनिटची पद्धत नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी, सोलापूर किंवा मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही अशीच आहे.

रुग्णालय उभे कसे राहिले

बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या मोठ्या देणगीतून हे रुग्णालय उभे राहिले आणि १८६७ मध्ये ते रुग्णांसाठी खुले झाले. तेव्हा तेथे १४४ रुग्णांची सोय होती. इमारतीचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा होता. पुण्यातील लाल देऊळ या नावाने ओळखले जाणारे ज्यूंचे प्रार्थनामंदिरही त्यांनीच आखले. डेव्हिड ससून यांचे १८६४ मध्ये पुण्यातच निधन झाले, त्यामुळे पूर्ण झालेले रुग्णालय त्यांना पाहता आले नाही. त्यांची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच घराण्यातील सर जेकब ससून यांच्या देणगीतून युरोपीय रुग्णांसाठी वेगळे रुग्णालय बांधले गेले आणि स्वातंत्र्यानंतर तो भेद अर्थातच उरला नाही. आज जुन्या दगडी इमारती, मधल्या काळातील बांधकामे आणि एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत घाईने वापरात आणलेली अकरा मजली इमारत असे सगळे एकाच आवारात नांदत असल्याने, कोणता विभाग कोणत्या इमारतीत आहे हे फाटकातून आत शिरतानाच विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

वैद्यकीय शिक्षणाचा धागा जवळपास रुग्णालयाइतकाच जुना आहे. येथील वैद्यकीय शाळेला १८७८ मध्ये बैरामजी जीजीभॉय यांचे नाव मिळाले आणि १९४६ मध्ये तिचे महाविद्यालय झाले. या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले डॉ. बी. बी. दीक्षित हे पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे एम्सचे, पहिले संचालक झाले. महाविद्यालय आता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून दरवर्षी २५० विद्यार्थी येथे एमबीबीएसला प्रवेश घेतात. त्याशिवाय पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर आणि परिचर्या शिकणारे विद्यार्थी वेगळेच. रुग्णालयाच्या प्रत्येक वॉर्डात दिसणारी पांढऱ्या एप्रनमधील गर्दी ही याच मुलामुलींची असते, आणि रात्री दोन वाजता सलाइन लावायला जे कोणी धावून येते, तेही बहुधा त्यांच्यातलेच असते.

निघण्यापूर्वी

सगळ्याच आजारांसाठी ससूनला येण्याची गरज नसते. साधा ताप, मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या, लहान जखमा किंवा लसीकरण यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय पुरेसे असते, आणि तेथून चिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णाचे काम ससूनमध्येही सोपे जाते, कारण आधी काय झाले आणि काय दिले हे चिठ्ठीवर लिहिलेले असते. सोलापूर, सांगली किंवा बारामती परिसरातील रुग्णांना त्यांच्या जवळच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उपलब्ध आहे. पुण्यातल्या पुण्यातही औंधचे जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हे पर्याय आहेत. ससूनला यावे ते विशेषतज्ज्ञाची गरज असेल तेव्हा, मोठी शस्त्रक्रिया सांगितली असेल तेव्हा, किंवा खालच्या रुग्णालयाने पाठवले असेल तेव्हा.

खर्चाच्या बाबतीत एक फरक अनेकांना ठाऊक नसतो आणि त्यावरून खिडकीवर वाद होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातील सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. त्यामुळे औंधच्या जिल्हा रुग्णालयात पैसे लागत नाहीत, हे खरे आहे. परंतु ससून हे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते, आणि या विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या व दाखल होण्यासाठी शासनाने ठरवलेले शुल्क भरावे लागते. हे शुल्क खासगी दरांच्या तुलनेत फार कमी असते आणि त्यात माफीही मिळू शकते, ती कशी हे पुढे येईलच. तेव्हा ‘सरकारी म्हणजे फुकट’ असे गृहीत धरून रिकाम्या हाताने येऊ नये, आणि थोडे पैसे मागितले म्हणून कोणी लुबाडते आहे असेही समजू नये. पैसे नेहमी खिडकीवरच भरावेत आणि पावती घ्यावी. पावतीशिवाय कोणालाही, कोणत्याही कारणासाठी पैसे देऊ नयेत.

सोबत आणण्याच्या कागदांत आधार कार्ड आणि शिधापत्रिका यांच्या मूळ प्रती व दोन-तीन झेरॉक्स, आधीच्या सर्व तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या फिल्म आणि सध्या चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्या असाव्यात. औषधांची नावे आठवत नसतील तर रिकामी पाकिटे आणली तरी चालते, आणि डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. रुग्ण एकटा नसावा. रांगेत एकाने उभे राहायचे आणि दुसऱ्याने रुग्णाजवळ बसायचे, एवढी तरी विभागणी जमली पाहिजे.

पुण्याबाहेरून येणाऱ्यांसाठी जागा सोयीची आहे. पुणे स्टेशनवरून किंवा त्याला लागून असलेल्या एसटी स्थानकावरून रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि वनाजकडून येणाऱ्या मेट्रोचेही पुणे रेल्वे स्टेशन नावाचे स्थानक जवळच आहे.

बाह्यरुग्ण विभाग आणि केसपेपर

तातडीचा प्रसंग नसेल तर रुग्णाने सकाळी लवकर येऊन बाह्यरुग्ण विभागाच्या, म्हणजे ओपीडीच्या, नोंदणी खिडकीवर केसपेपर काढावा. केसपेपरची वेळ दुपारपूर्वी संपते आणि तपासण्यांचे नमुनेही सकाळीच घेतले जात असल्याने उशिरा आलेल्या रुग्णाचा एक दिवस वाया जातो. खिडकीवर नाव, वय, पत्ता आणि त्रास विचारला जातो व त्यानुसार मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, नेत्र, कान-नाक-घसा, त्वचा, मानसोपचार यांपैकी विभाग ठरवला जातो. त्रास थोडक्यात आणि नेमका सांगावा. ‘पोटात दुखते’ असे म्हटल्यास कागद एका विभागाचा निघू शकतो, आणि ‘पोटाच्या उजव्या बाजूला खाली कालपासून दुखते आहे व उलट्या होत आहेत’ असे म्हटल्यास दुसऱ्या विभागाचा. नाव आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहिले गेले आहे ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी पाहावे, कारण नावातील एका अक्षराचा फरक पुढे योजनेच्या मंजुरीत आणि दाखल्यात अडचण करतो.

हृदयरोग, मूत्रपिंडविकार, मेंदूची शस्त्रक्रिया, मूत्ररोग, प्लास्टिक सर्जरी अशा अतिविशेष विभागांकडे रुग्ण सहसा थेट जात नाही. आधी मेडिसिन किंवा सर्जरीच्या ओपीडीत दाखवायचे आणि तेथील डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिले की पुढे जायचे, अशी पद्धत आहे. हा वळसा निरर्थक नाही. छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला हृदयरोग नसतो, आणि अतिविशेष विभागांच्या ओपीडी आठवड्यातील ठरावीक वारीच असतात.

केसपेपर हातात आला की तो एकदा डोळ्यांखालून घालावा. वर नोंदणी क्रमांक असतो आणि तारीख असते. डॉक्टरांनी तपासल्यावर त्याच कागदावर लक्षणे, नाडी, रक्तदाब, शंका असलेले निदान, सांगितलेल्या तपासण्या आणि औषधे लिहिली जातात. आणि कुठेतरी कोपऱ्यात, कधी शिक्क्याने तर कधी पेनाने, विभागाचे नाव आणि त्यापुढे एक आकडा असतो: ‘सर्जरी ३’ किंवा ‘मेडिसिन ५’ असा. हा आकडा म्हणजे तुमचे युनिट. बहुतेक रुग्ण त्याच्याकडे लक्ष देत नाहीत, पण संपूर्ण कागदावर रुग्णाच्या दृष्टीने याहून उपयोगाची दुसरी गोष्ट नाही.

युनिट म्हणजे काय

मोठ्या विभागांत डॉक्टरांचे गट केलेले असतात. प्रत्येक गटाच्या प्रमुखपदी एक प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असतात, त्यांच्या हाताखाली सहायक प्राध्यापक, मग वरिष्ठ निवासी डॉक्टर, त्यानंतर पदव्युत्तर शिक्षणाच्या तिसऱ्या, दुसऱ्या व पहिल्या वर्षाचे कनिष्ठ निवासी डॉक्टर आणि शेवटी एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेनंतरचे वर्ष पूर्ण करणारे इंटर्न. वॉर्डात कनिष्ठ निवासी डॉक्टरांना जेआर असे म्हणतात. शिकणारा शिकवणाऱ्याच्या नजरेखाली राहावा आणि रुग्णाची जबाबदारी कोणाची आहे याबद्दल शंका राहू नये, यासाठी ही रचना आहे.

आठवड्याचे वार या गटांत वाटलेले असतात. एखाद्या युनिटची ओपीडी सोमवारी आणि गुरुवारी असेल, तर शस्त्रक्रियेचा दिवस मंगळवार असेल आणि तातडीचे रुग्ण घेण्याचा दिवस आणखी वेगळा. ज्या दिवशी ज्या युनिटची ‘इमर्जन्सी’ असते, त्या दिवशी रात्री-अपरात्री दाखल झालेला रुग्ण त्या युनिटचा होतो आणि घरी जाईपर्यंत, किंबहुना नंतरच्या तपासण्यांतही, त्याच युनिटचा राहतो. म्हणून पुन्हा दाखवायला यायचे ते आपल्या युनिटच्या ओपीडीच्या वारीच. चुकीच्या वारी आलेल्या रुग्णाला दुसरे युनिट परत पाठवते ते त्रास देण्यासाठी नव्हे. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनीच टाके पाहावेत, हे रुग्णाच्याच हिताचे असते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून केसपेपरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून घ्याव्यात: युनिटचा क्रमांक, युनिटप्रमुखांचे नाव आणि ओपीडीचे वार.

वॉर्डात प्रश्न कोणाला विचारायचे, हेही यातूनच ठरते. रोजच्या लहान गोष्टी, म्हणजे तपासणीचा अहवाल आला का, जेवण सुरू करायचे का, सलाइन कधी संपेल, या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचाराव्यात. आजार नेमका काय आहे, शस्त्रक्रिया करायची की नाही, धोका किती, हे प्रश्न मात्र सहायक प्राध्यापक किंवा युनिटप्रमुख राऊंडला येतात तेव्हा विचारावेत. राऊंड बहुधा सकाळी असतो. त्या वेळी घरातील जो माणूस निर्णय घेणार आहे त्याने खाटेजवळ असावे, आणि प्रश्न आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवावेत. दिवसभरात निरनिराळे नातेवाईक निरनिराळ्या डॉक्टरांना तोच प्रश्न विचारतात, त्यांना थोडी निराळी उत्तरे मिळतात आणि त्यातून गैरसमज वाढतो. घरातून एकाच माणसाने बोलायचे ठरवले तर हे टळते.

निवासी डॉक्टर सलग चोवीस तास आणि कधी त्याहूनही अधिक वेळ कामावर असतात, हे येणाऱ्याने लक्षात ठेवावे. त्यांनी तुटक उत्तर दिले तरी आवाज न चढवता पुन्हा विचारावे, आणि तरीही समाधान झाले नाही तर युनिटप्रमुखांकडे व नंतर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी जावे. वॉर्डातील मामा आणि मावशी, म्हणजे कक्षसेवक आणि कक्षसेविका, यांच्याशी आदराने बोलावे. ट्रॉली ढकलण्यापासून बेडपॅन देण्यापर्यंतची सगळी कष्टाची कामे त्यांच्याकडे असतात.

विद्यार्थी तपासायला आले तर

अध्यापन रुग्णालयात एकाच रुग्णाला तीन-चार वेळा तोच इतिहास सांगावा लागतो. आधी इंटर्न विचारतो, मग निवासी डॉक्टर, मग विद्यार्थ्यांचा गट येतो आणि शेवटी प्राध्यापक. हे कंटाळवाणे असले तरी अनेकदा उपयोगी ठरते, कारण एकाकडून सुटलेली गोष्ट दुसऱ्याच्या प्रश्नातून बाहेर येते. ज्या रुग्णावर प्राध्यापक विद्यार्थ्यांसमोर सविस्तर चर्चा करतात, त्याचा विचारही अधिक खोलवर होतो, असे माझे ठाम मत आहे. तरीही विद्यार्थ्यांनी तपासण्यास ‘नको’ म्हणण्याचा रुग्णाला अधिकार आहे, आणि नकार दिला म्हणून उपचार थांबत नाहीत किंवा कमी होत नाहीत. स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करीत असतील तर स्त्री परिचारिका किंवा घरातील स्त्री तेथे हजर असली पाहिजे. ती नसेल तर तसे सांगून तपासणी थांबवावी. पडदा ओढून घ्यायला सांगण्यातही संकोच बाळगू नये.

तातडीच्या वेळी

अपघात, छातीत तीव्र वेदना, अर्धांगवायूची लक्षणे, विषबाधा, सर्पदंश, भाजणे किंवा प्रसूतीच्या कळा अशा वेळी केसपेपरच्या रांगेत न थांबता थेट तातडीच्या विभागात जावे. लोक याला कॅज्युअल्टी म्हणतात आणि तो चोवीस तास सुरू असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर विनामूल्य मिळते. अर्धांगवायूत लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ घड्याळ पाहून लिहून ठेवावी, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो.

अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा यांसारख्या प्रकरणांची नोंद पोलिसांकडे जाते. तिला एमएलसी म्हणतात. तिच्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पोलिसांची वाट पाहत उपचार थांबवता येत नाहीत, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिला आहे. रस्त्यावरील जखमीला घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसालाही कायद्याचे संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. लैंगिक अत्याचार किंवा अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडितांना प्रथमोपचार व उपचार तत्काळ आणि विनामूल्य देणे प्रत्येक रुग्णालयावर, मग ते सरकारी असो वा खासगी, बंधनकारक आहे.

दाखल झाल्यावर पैशांचा मार्ग

रुग्ण दाखल झाला की त्याच दिवशी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या कक्षात जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील प्रतिनिधीला, भेटावे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. पूर्वी तिचा लाभ प्रामुख्याने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर मिळत असे आणि दीड लाख रुपयांची मर्यादा होती. आता पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांचाही समावेश झाला असून मर्यादा प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत वाढली आहे. पांढरे कार्ड असल्यामुळे ‘आपल्याला मिळणार नाही’ असे समजून चौकशीच न करणारी कुटुंबे आजही पुष्कळ भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

योजनेत ठरावीक आजार व शस्त्रक्रियाच येतात आणि नियोजित शस्त्रक्रियेसाठी आधी मंजुरी घ्यावी लागते. आरोग्यमित्र शिधापत्रिका व आधार पाहून नोंद करतो, युनिटचे डॉक्टर आवश्यक कागद व अहवाल देतात आणि मंजुरी आल्यावर शस्त्रक्रिया होते. प्रसंग तातडीचा असेल तर दूरध्वनीवरून तात्पुरती मान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर जोडता येतात. परंतु ही सर्व प्रक्रिया रुग्ण दाखल असतानाच व्हावी लागते. घरी गेल्यावर ‘कार्ड दाखवायचे राहिले’ असे म्हणून काहीही उपयोग होत नाही.

योजनेत न बसणाऱ्या रुग्णांसाठी वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांचे कार्यालय कुठे आहे हे वॉर्डातील सिस्टर सांगतात. शुल्क भरण्याची ऐपत नसेल, रुग्णालयात न मिळणारे औषध किंवा बसवायचा कृत्रिम सांधा बाहेरून आणावा लागणार असेल, रुग्ण बेवारस असेल किंवा सोबत कोणीच नसेल, तर यांच्याकडे जावे. शुल्कमाफीसाठी काय करायचे आणि कोणत्या धर्मादाय संस्थेकडे अर्ज करायचा, याचे मार्गदर्शन तेच करतात. गरोदर माता व नवजात बाळ यांच्यासाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय संस्थांत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहतूक विनामूल्य आहे.

फाटकाबाहेर किंवा वॉर्डाच्या जिन्यात कोणी ओळख काढून ‘लवकर काम करून देतो’ किंवा ‘येथे खाट मिळणार नाही, मी चांगल्या ठिकाणी नेतो’ असे म्हणत असेल, तर त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे. असे लोक कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाभोवती असतात आणि घाबरलेला नातेवाईक त्यांना लगेच ओळखू येतो.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

या रुग्णालयातील सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रिया महात्मा गांधींची. १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, तीव्र त्रास सुरू झाला आणि त्यांना ससूनमध्ये आणण्यात आले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात पुरा करावा लागला. ५ फेब्रुवारीला त्यांची बिनशर्त सुटका झाली. ती खोली आजही स्मारक म्हणून जपलेली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी घडलेली गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. एका कैद्यावर सरकारी शल्यविशारद शस्त्रक्रिया करणार होता, काही बरेवाईट झाले असते तर देशभर संशय उसळला असता. तेव्हा गांधीजींनी नेमस्त नेते श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून आपली संमती सांगितली, शास्त्रींनी ती पेन्सिलीने लिहून घेतली, कर्नल मॅडॉक यांच्यासमोर ती पुन्हा वाचून दाखवली गेली, आणि गुडघे वर घेऊन त्यांच्या आधाराने गांधीजींनी थरथरत्या हाताने तिच्यावर सही केली.

संमती अशीच दिली गेली पाहिजे: काय लिहिले आहे ते ऐकून आणि समजून. आज शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी निवासी डॉक्टर छापील अर्ज आणतात आणि नातेवाईक घाईने दाखवलेल्या जागी सही करतात. तसे करू नये. अर्ज मराठीत मागावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवण्याची विनंती करावी, आणि कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या बाजूला, भूल कोणती, मुख्य धोके कोणते, दुसरा पर्याय काय आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे विचारावे. रिकाम्या जागा असलेल्या अर्जावर सही करू नये. रुग्ण सज्ञान व शुद्धीवर असेल तर सही त्याची स्वतःचीच हवी. घरातील मोठ्यांनी त्याच्या वतीने परस्पर निर्णय घेणे कायद्यालाही मान्य नाही. स्त्रीच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची सही घेण्याची सवय अजून दिसते, परंतु संमती तिची महत्त्वाची आहे.

शस्त्रक्रियेसाठी रक्त सांगितले असेल तर रुग्णालयाच्या रक्तपेढीत डॉक्टरांनी भरलेला मागणीचा अर्ज आणि रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेऊन जावे. नमुन्याच्या नळीवरचे नाव व नोंदणी क्रमांक अर्जाशी जुळतो का, हे स्वतः पाहावे. घरातील एक-दोन निरोगी माणसांनी रक्तदान केले तर पेढीचा साठा टिकतो. पैसे देऊन दाता आणणे मात्र बेकायदेशीर आहे आणि रुग्णासाठी धोक्याचेही.

घरी जाताना आणि नंतर

डिस्चार्ज कार्ड मिळाल्यावर वॉर्ड सोडण्यापूर्वी ते डॉक्टरांसमोर वाचावे. निदान, केलेली शस्त्रक्रिया, औषधांच्या वेळा, टाके काढण्याची तारीख आणि युनिटच्या ओपीडीचा वार त्यावर असलाच पाहिजे. बायोप्सीसाठी तुकडा पाठवला असेल तर त्याचा अहवाल बहुधा काही दिवसांनी मिळतो. तो कुठून घ्यायचा हे विचारून ठेवावे आणि आणण्यास विसरू नये, कारण पुढचा सगळा उपचार त्यावर ठरतो. डॉक्टर नको म्हणत असताना रुग्णाला घरी नेल्यास कागदावर ‘डामा’ असे लिहिले जाते. त्यामुळे पुन्हा येण्याची दारे बंद होत नाहीत, पण नेण्यापूर्वी युनिटप्रमुखांशी एकदा बोलून नेण्याचे खरे कारण सांगावे. बऱ्याचदा ते कारण पैसा असते, आणि त्यावर वर सांगितलेले मार्ग असतात.

आपल्या उपचारांच्या नोंदींची प्रत मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेनुसार लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्या लागतात. विमा, नुकसानभरपाई किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी त्या लागतात, म्हणून अर्ज अभिलेख विभागाकडे नोंदणी क्रमांकासह करावा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आधी केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्राचा, अर्ज भरावा लागतो आणि त्यानंतर त्या-त्या अपंगत्वासाठी ठरलेल्या वारी तपासणीला यावे लागते. अर्ज न भरता आलेल्याला परत जावे लागते.

शेवटी देहदानाविषयी, कारण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातच ही सोय असते आणि पुण्यात देहदानाची इच्छा बोलून दाखवणारी ज्येष्ठ मंडळी पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण शरीररचनाशास्त्र विभागातील या देहांवरच होते. हयातीत विभागाकडून अर्ज घेऊन, जवळच्या नातेवाइकांच्या सहीसह तो भरून द्यावा, आणि अर्जाची एक प्रत घरातील सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी. अर्ज भरलेला असला तरी मृत्यूनंतर निर्णय वारसांच्या हाती असतो, म्हणून मुलांशी व सुनेशी आधी मोकळेपणाने बोलणे हा अर्जाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर, काही तासांतच, विभागाला कळवून मग डॉक्टरांचे मृत्यू प्रमाणपत्र व ओळखपत्रासह देह न्यावा. शवविच्छेदन झालेले, पोलीस प्रकरणातील, किंवा एचआयव्ही, कावीळ यांसारख्या संसर्गाने मृत्यू झालेले देह सहसा स्वीकारले जात नाहीत. नेत्रदान करायचे असल्यास ते सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि त्यानंतरही देहदान करता येते. तोपर्यंत पंखा बंद ठेवून, डोळ्यांच्या पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात व डोक्याखाली उशी द्यावी.